‘लीड’ कोणाला म्हणायचं? मोबाइल गेम स्टुडिओतल्या जादा तासांची पार्श्वभूमी

मोबाइल गेमच्या कंपनीत रात्री उशिरापर्यंत बसण्याची सवय ॲप स्टोअरच्या आधीची आहे. २००४ ते २००९ या जावा फोनच्या काळात आपल्याकडे पोर्टिंगचं काम भरपूर होतं. मूळ गेम बाहेरून यायचा, इथे तो एकेका हँडसेटवर बसवायचा. कुठे स्क्रीन १२८ बाय १२८, कुठे १७६ बाय २०८, कुठे २४० बाय ३२०. काही फोनवर तर अख्खा गेम ६४ केबीत मावला पाहिजे. टेस्टरच्या टेबलावर ट्रेभर फोन, प्रत्येकाच्या पाठीवर नंबराची चिठ्ठी. एका फोनवर आवाज अडकला की दुरुस्ती, नवा बिल्ड (गेमची नव्याने तयार केलेली प्रत) आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. पैसे बहुधा हँडसेटमागे ठरलेले असत, त्यामुळे वाढलेल्या तासांचा भार करणाऱ्याच्याच अंगावर पडे.

२००९ मध्ये फुकट ॲपमध्येही खरेदीची सोय आली आणि गेम ‘पूर्ण झाला’ असं म्हणायची वेळच येईनाशी झाली. खेळणारे खरेदी करत राहावेत म्हणून गेममध्ये दर आठवड्याला नवा इव्हेंट लागतो. दिवाळीत खेळणारे घरी असतात, म्हणून बनवणारे ऑफिसात.

या सगळ्यात सर्वांत जास्त गुंता ‘लीड’, म्हणजे गटाचा प्रमुख, या शब्दाने केला आहे. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, दिवसाची मुळात ९ तासांची होती, जादा कामाला दुप्पट दर आहे. पण गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षकीय पदावरच्या माणसाला तो लागू नाही. आता दोन वर्षांत ‘लीड आर्टिस्ट’ झालेला मुलगा घ्या. हाताखाली एक फ्रेशर. त्याची रजा मंजूर करणं याच्या हातात नाही, पगारवाढ नाही, डेडलाइन तर नाहीच. दिवसभर तो स्वतःच बटणं आणि आयकॉन काढत असतो. हा पर्यवेक्षक कसा? औद्योगिक विवाद कायद्याखालच्या खटल्यांत न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे की पदाचं नाव नव्हे, प्रत्यक्ष काम बघायचं. मला तेच योग्य वाटतं. पण त्यासाठी आधी कोणीतरी दाद मागायला हवी, आणि पुढच्या नोकरीचा रेफरन्स याच मॅनेजरकडून घ्यायचा असतो.

कॅलिफोर्नियात कोणी तरी दाद मागितली होती. २००४ मध्ये तिथल्या एका मोठ्या गेम कंपनीतल्या कर्मचाऱ्याच्या वाग्दत्त वधूने निनावी पत्र लिहून घरची अवस्था मांडली. आर्टिस्ट मंडळींचा दावा १ कोटी ५६ लाख डॉलरवर मिटला. शिवाय काही पदं ओव्हरटाइमला पात्र ठरली, त्या बदल्यात बोनस आणि स्टॉक ऑप्शन (कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क) सोडावे लागले. वाद तिथेही हाच होता, अमुक पद ओव्हरटाइमच्या कायद्यात बसतं की नाही.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर केंद्राच्या कायद्याने बंदी आली आणि पाठोपाठ नोकरकपात झाली. सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापना कायद्यातली रोजची मर्यादा ९ वरून १० तासांवर आणि तिमाहीतला ओव्हरटाइम १२५ वरून १४४ तासांवर न्यायला मंजुरी दिली.

कपातीतही तोच शब्द आडवा येतो. भरपाई, म्हणजे नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार, ‘कामगारा’ला मिळते. पर्यवेक्षक म्हटलं की पगाराची मर्यादा बघतात, पगार त्यावर असला की तो ‘कामगार’ राहत नाही. ती तेव्हा महिना १०,००० रुपये होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या औद्योगिक संबंध संहितेत १८,००० झाली. पुण्यातल्या लीड आर्टिस्टचा पगार बहुतेक वेळा त्याच्या वरच असतो.