प्रथिन तेच, तरी जिवाणू खंगला

मिरज-तासगावकडच्या एखाद्या फडातलं उसाचं ताजं पान मिथेनॉल घातलेल्या अगारच्या (जिवाणू वाढवायच्या जेलीच्या) बशीवर हलकं दाबा, उचला आणि बशी झाकून ठेवा. काही दिवसांत पानाच्या ठशावर गुलाबी ठिपके उगवतात. हे मिथायलोबॅक्टेरियम नावाचे जिवाणू. वाढत्या पानाच्या पेशीभित्तिकेतून मिथेनॉल सुटतं, पर्णरंध्रांतून बाहेर पडतं. त्यावर हे जिवाणू पोसतात. ते पचवताना मात्र मध्येच फॉर्मल्डिहाइड तयार होतं, फॉर्मलिनमधलं तेच विष. त्याची विल्हेवाट लावणारं एक महत्त्वाचं विकर (एन्झाइम) एफएई या जनुकातून बनतं.

जनुकातली तीन-तीन अक्षरं म्हणजे एक संकेत. प्रथिनाचे घटक असलेली अमिनो आम्लं २०, त्यांच्यासाठी संकेत ६१. ल्युसिन या एकट्या अमिनो आम्लाला सहा. त्यामुळे एखादं अक्षर बदलूनही प्रथिन जसंच्या तसं राहतं. हे मूक उत्परिवर्तन. त्यानं जिवाणूचं काही बिघडत नाही, असं बरीच वर्षं धरून चालत.

जीवशास्त्रज्ञ दीपा आगाशे आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एफएईच्या अशाच मूक बदलांच्या आवृत्त्या या जिवाणूत घातल्या. विकर कमी बनू लागलं, मिथेनॉलवरची वाढ रोडावली.

याचं एक कारण असं सांगता येतं: क्वचित वापरल्या जाणाऱ्या, दुर्मिळ संकेताचं अमिनो आम्ल आणणारे टीआरएनए हे वाहक रेणू पेशीत थोडेच असतात. ऊस तोडून पडलाय आणि ट्रॉली येईना, अशी प्रथिन जोडणाऱ्या रायबोसोमची गत होते. पण एवढ्यानं भागत नाही, कारण नेहमीच्या वापरातले संकेत घातलेल्या आवृत्तीनंही मार खाल्ला! मला या प्रयोगातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

दुसरा धागा २००९ च्या प्रयोगात सापडतो. ई. कोलाय या जिवाणूत हिरव्या चमकणाऱ्या एकाच प्रथिनाची १५४ जनुकं घातली, फरक फक्त मूक अक्षरांचा. चमक २५० पटींपर्यंत कमी-जास्त निघाली. संदेशवाहक आरएनए, म्हणजे रायबोसोम वाचतो ती जनुकाची नक्कल, सुरुवातीलाच स्वतःभोवती घट्ट दुमडला, तर रायबोसोमला शिरकावच मिळत नाही. चमकेतल्या निम्म्याहून अधिक फरकाचं कारण हेच निघालं.

साल्मोनेला या जिवाणूतही मूक बदलांचे तोटे दिसले. अर्थात बहुतेक मूक बदलांचा परिणाम नगण्यच असतो, हेही खरं.

आगाशे यांच्या गटानं पुढे खंगलेले जिवाणू पिढ्यान् पिढ्या मिथेनॉलवर वाढू दिले. ते झपाट्यानं सावरले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात सावरणारे काही बदल एफएईमध्येच सापडले, आणि त्यांतले काही चक्क मूकच होते.