बेसमधले बुडबुडे आणि कोकणची बदनाम हवा

गणपतीच्या आदल्या आठवड्यात रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पार्लरांत नखांच्या जेल बेसबद्दल, म्हणजे नखावर लावायच्या जेलच्या तळच्या थराबद्दल, एक तक्रार हमखास ऐकू येते: "हवाच इतकी दमट, बेसमध्ये बुडबुडे येणारच." हवा काही उलटून बोलत नाही, म्हणून हे खपून जातं.

साधं नेलपॉलिश वाळतं, म्हणजे त्यातलं द्रावक उडून जातं. थर जाड असला की वर आधी साय धरते आणि खालची वाफ अडकते. टिंटेड, म्हणजे रंग मिसळलेला, जेल बेस मात्र वाळतच नाही. नखं आत धरायच्या अतिनील लॅम्पच्या 365 ते 405 नॅनोमीटरच्या प्रकाशात त्यातले अ‍ॅक्रिलेटचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि थर कडक होतो. त्यावर फुंकर मारणं किंवा हात पंख्याखाली धरणं व्यर्थ. आतला बुडबुडा बहुतेक वेळा ब्रशनेच आत नेलेला असतो.

मग तो बाहेर का पडत नाही? घावनाचं पीठ पातळ असतं, म्हणून तव्यावर क्षणात जाळी पडते. तेच पीठ दाट भिजवलं तर जाळी पडत नाही. जॉर्ज स्टोक्स यांनी 1851 मध्ये मांडलेल्या नियमानुसार बुडबुड्याचा वर चढण्याचा वेग त्याच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि द्रवाच्या दाटपणाच्या प्रमाणात घटतो. दाट रबर बेस (जेल बेसचाच एक घट्ट, लवचीक प्रकार) घट्ट मधासारखा, पाण्याच्या दहा हजारपट दाट धरू. 0.1 मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा पाण्यात सेकंदाला सुमारे 6 मिलिमीटर चढेल, बेसमध्ये 0.0006 मिलिमीटर. नखावरचा अर्ध्या मिलिमीटरचा थर ओलांडायला त्याला 14 मिनिटं लागतील, बाटलीतले 3 सेंटिमीटर चढायला 14 तास. बुडबुडा निम्म्या व्यासाचा असेल तर हा वेळ चौपट.

त्रिज्येच्या या वर्गातच सगळी मेख आहे. बाटली खळाखळा हलवली की हवेचा एक मोठा गोळा फुटून शेकडो बारीक बुडबुडे होतात, म्हणजे पटकन निघून गेला असता तो पाहुणा मुक्कामाला राहतो. आणि रंग मिसळण्यासाठी हलवायचं म्हणावं, तर तोच नियम रंगकणांनाही लागू आहे. ते बुडबुड्याहून कितीतरी बारीक असतात, तेव्हा गुठळ्या झालेल्या नसतील तर तळाशी बसायलाही त्यांना फार वेळ लागतो. बाटली तळव्यांमध्ये अर्धा मिनिट सावकाश फिरवली की पुरे. फारच दाट वाटली तर झाकण घट्ट लावून हाताला सोसवेल अशा कोमट पाण्यात 5 मिनिटं ठेवावी. दाटपणा उतरतो, बुडबुडे लवकर वर येतात. उन्हात मात्र ठेवू नये, उन्हातही अतिनील किरण असतात.

ब्रश बाटलीत वरखाली करू नये, तो पंपासारखा हवा आत ढकलतो. बाहेर काढताना एकच बाजू बाटलीच्या गळ्याला सावकाश टेकवावी. नखावर पहिला थर अगदी पातळ, घासून लावून क्युअर करावा, म्हणजे लॅम्पखाली कडक करावा. मग पुन्हा पातळ ओला थर देऊन क्युटिकलपासून (नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीपासून) जरा अंतर ठेवून एक थेंब सोडावा. ब्रशचे केस नखाला न टेकवता तो थेंब टोकापर्यंत तरंगत न्यावा. दाबलं की केस फाकतात आणि त्यांच्या फटीतली हवा बेसमध्ये उतरते. मग 10-15 सेकंद बोट उलटं धरलं की बेस मधोमध जमतो आणि पृष्ठताण ब्रशच्या रेघा पुसून टाकतो. उरलेला बुडबुडा लॅम्पखाली जाण्याआधी बारीक लायनर ब्रशच्या टोकाने फोडावा. रंगामुळे प्रकाश तळापर्यंत कमी पोचतो, तेव्हा एकच जाड थर देण्यापेक्षा दोन बेताचे बरे.

टिंटेड बेसने नखांवरचे पांढरे ठिपकेही झाकले जातात. लहानपणी त्यांच्यासाठी बगळ्याकडे फुलं मागायची, मोठेपणी कॅल्शियमच्या गोळ्या घ्यायच्या. बहुतेक ठिपके नखाच्या मुळाला लागलेल्या किरकोळ माराचे असतात आणि नख वाढेल तसे पुढे सरकून निघून जातात.

आता हवेचा खरा गुन्हा. पावसाळ्यात नख पाणी शोषून घेतं, त्यात मासे साफ करणं, खोबरं किसणं, केसांना तेल लावणं चालूच. ओल्या किंवा तेलकट नखावर बेस नीट चिकटत नाही. पहिल्याच दिवशी दिसणारा बुडबुड्याचा गोल ठिपका ब्रशचा, पण आठवड्याने कडेला उमटणारी पांढुरकी पोकळी सुटलेल्या बेसची. म्हणून नखावर बफर (नख घासायची खरखरीत पट्टी) फिरवून, अल्कोहोलने पुसून, ते पूर्ण उडाल्यावरच बेस लावावा. पोकळी दिसली की तिच्यावर नवा थर चढवू नये, तेवढा भाग घासून काढावा. आत ओल राहिली तर स्युडोमोनास नावाचा जिवाणू वाढतो आणि नख हिरवं पडतं. पार्लरात त्याला बुरशी म्हणतात, पण बुरशीचं मलम त्यावर चालत नाही.