मुलांच्या वापरलेल्या वस्तू आमच्या सेलमध्ये देताय? आधी हे वाचा

कन्साइनमेंट सेलला वस्तू दिली म्हणजे ती आम्ही विकत घेतली असा बऱ्याच जणांचा समज होतो, तसं नाहीये. विकली जाईपर्यंत ती तुमचीच असते. किंमत तुम्ही ठरवायची, टॅग तुम्ही लावायचा, जागा, मांडणी आणि बिलिंग आम्ही बघतो, आणि वस्तू विकली गेली की ठरलेले टक्के कापून बाकीचे पैसे तुमचे. टक्के फॉर्मवर लिहिलेत, सही करायच्या आधी प्लीज वाचा.

सगळ्यात जास्त कपडे परत जातात ते डागांमुळे, आणि देणाऱ्याला बिचाऱ्याला तो डाग माहीतच नसतो. दुधाचा डाग धुतल्यावर दिसेनासा होतो पण कापडात थोडं दूध राहिलेलं असतं, वर्षभर बॉक्समध्ये पडून राहिलं की झबल्याच्या गळ्यापाशी पिवळा पट्टा उमटतो. म्हणून मागच्या वर्षी स्वच्छ धुऊन ठेवलंय तेव्हा तसंच नेऊ असं करू नका, खिडकीपाशी दिवसाउजेडी गळा, बाह्यांची टोकं, गुडघे नीट बघा. डाग दिसला तर गरम पाणी नको, त्याने तो पक्का बसतो. गार पाण्यात एन्झाइमवाली पावडर टाकून रात्रभर भिजवा, बरेच डाग निघतात (लोकरीचे कपडे सोडून). मग इलास्टिक ताणून बघा, टिचबटणं एकेक लावून बघा, चेन वरखाली करा.

टॅग जाड कागदाचा हवा आणि सेफ्टी पिननेच लावा, स्टेपलर नको, तार निघून बाळाला टोचते. पुस्तकांच्या कव्हरवर चिकटपट्टी लावू नका, काढताना चित्रच सोलून येतं. टॅगवर नुसतं 'निळा शर्ट' लिहू नका, 'निळा शर्ट, खिशावर हत्ती, २ वर्षं' असं लिहा, म्हणजे टॅग गळून पडला तरी कुणाचा शर्ट ते आम्हाला कळतं. सेट असेल तर शर्ट-पँट एकमेकांना पिन करा.

किमतीचं म्हणाल तर नवीन घेतानाच्या साधारण एक तृतीयांश धरा, कपडा न वापरलेला असेल तर थोडी जास्त. भावना जोडलेल्या असतात हे आम्हाला समजतं, पण समोरच्या आईला फक्त कपडा दिसतो.

जिगसॉ पझलचे तुकडे मोजून आणा. एकदा एक तुकडा कमी निघाला आणि घेऊन गेलेलं मूल दुसऱ्या दिवशी रडवेलं होऊन बाबांबरोबर परत आलं, तेव्हापासून आम्ही प्रत्येक पझल स्वतः मोजतो. चालणाऱ्या खेळण्यात सेल घालूनच द्या, आणि बटण सेल (नाण्यासारखा छोटा चपटा सेल) असेल तर त्याचं झाकण स्क्रूने घट्ट बसलेलं हवं, तो सेल मुलाने गिळला तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका भाजू शकते.

काही वस्तू आम्ही घेतच नाही, कृपया आग्रह करू नका. अपघातात सापडलेली किंवा मुदत संपलेली कार सीट (तारीख प्लास्टिकवर मागे किंवा खाली असते). एक बाजू खाली सरकणारं क्रिब (बाळाचा कठड्याचा पलंग), कारण ती बाजू निखळून फटीत बाळ अडकतं, अमेरिकेत २०११ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आहे. कठड्याच्या दांड्यांमध्ये ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर तेही क्रिब नको. टोपीला नाडी असलेली जॅकेटं नाडी काढून आणा. कंपनीने परत मागवलेली वस्तू कितीही नवी दिसली तरी चालणार नाही, त्यामुळे मोठ्या वस्तूंचा मॉडेल नंबर घरीच एकदा तपासून बघा.

सेलच्या शेवटच्या दिवशी उरलेल्या वस्तू अर्ध्या किमतीत जातात, तुमची तशी द्यायची नसेल तर टॅगवर 'सूट नाही' लिहा. उरलेल्या वस्तू पावतीवरच्या तारखेपर्यंत घेऊन जा, तुमच्याऐवजी दुसरं कुणी येणार असेल तर पावती त्यांच्याकडे द्या, कारण त्या तारखेनंतर न नेलेलं सगळं आम्ही दान करतो.