अमेरिकेहून आलेल्या फोनला अपडेट का येत नाही आणि त्यासाठी तो रीसेट का करू नये : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळ ज्येष्ठ ग्राहकांच्या हातात मुलाने, मुलीने किंवा भाच्याने अमेरिकेहून आणून दिलेला फोन असतो. फोन चांगला, किमती आणि जेमतेम वर्ष-दोन वर्षे वापरलेला असतो. तक्रार मात्र ठरलेली असते : शेजाऱ्यांच्या तशाच फोनला नवे अँड्रॉइड आले, आमच्या फोनला कित्येक महिन्यांत काहीच आलेले नाही. काउंटरवर गर्दी असताना या प्रश्नाचे नीट उत्तर देता येत नाही आणि ते न मिळाल्यामुळे घरी जो उपाय करून पाहिला जातो, त्याने अपडेट तर येत नाहीच, उलट चालता फोन बंद पडतो. हे पत्रक त्यासाठीच काढले आहे.

अँड्रॉइड, म्हणजे फोन चालवणारे मूळ सॉफ्टवेअर, गूगल तयार करते. परंतु गूगलचे स्वतःचे पिक्सेल फोन सोडले तर ते तेथून थेट आपल्या हाती येत नाही. आधी क्वालकॉम किंवा मीडियाटेकसारखी चिप बनवणारी कंपनी ते आपल्या चिपसाठी जुळवून घेते, मग सॅमसंग किंवा मोटोरोला आपल्या प्रत्येक मॉडेलसाठी त्यात बदल करते आणि काही देशांत त्यापुढे सिमकार्ड देणाऱ्या कंपनीचा नाका लागतो. ही वाट सोपी व्हावी म्हणून गूगलने २०१७ साली, अँड्रॉइड ८ पासून, चिपशी संबंधित भाग वेगळा काढला आणि २०१९ साली, अँड्रॉइड १० पासून, सुरक्षेचे काही तुकडे परस्पर पाठवण्याची सोय केली. सेटिंग्जमध्ये दिसणारे ‘गूगल प्ले सिस्टिम अपडेट’ ते हेच. ते आले म्हणजे नवे अँड्रॉइड आले असे समजू नये. सुरक्षेची खरी स्थिती पाहायची असेल, तर ‘अँड्रॉइड सिक्युरिटी पॅच’ या ओळीतील तारीख पाहावी.

भारतात हा नाका आपल्याला सहसा जाणवत नाही, कारण आपण फोन दुकानातून विकत घेतो आणि त्यात हवे ते सिम घालतो. जिओफोनसारखे एका कंपनीपुरते बांधलेले फोन येथे अपवादानेच मिळतात. तरीही सिमकंपनी आणि फोनकंपनी यांचे जमल्याशिवाय काम होत नाही, हे आपण २०२२ साली पाहिले आहे. १ ऑक्टोबरला देशात ५जी सुरू झाले आणि एअरटेलच्या पहिल्या आठ शहरांत मुंबई आणि नागपूर ही दोन शहरे होती. परंतु खोक्यावर ५जी छापलेले असूनही अनेकांच्या फोनवर ४जीच दिसत राहिले. फोनमध्ये दोष नव्हता. जिओ आणि एअरटेल यांनी ५जी वेगवेगळ्या पद्धतीने उभारले होते आणि त्या जाळ्यांवर चालण्याची परवानगी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये कंपनीने अपडेट पाठवून उघडायची होती. आयफोनधारकांना त्यासाठी डिसेंबरमधील आयओएस १६.२ या अपडेटपर्यंत थांबावे लागले.

अमेरिकेत बहुसंख्य लोक फोन एटी अँड टी, व्हेरायझन किंवा टी-मोबाइल यांच्याकडूनच, मासिक हप्त्यावर घेतात. अशा अँड्रॉइड फोनमध्ये त्या सिमकंपनीचे सॉफ्टवेअर असते आणि त्याचे अपडेट तिच्या तपासणीनंतर, तिच्या वेळापत्रकाने निघते. असा फोन पुण्यात आणून त्यात भारतीय सिम घातले, की अनेकदा अपडेट पोहोचतच नाही, कारण काही कंपन्यांची अपडेट स्वतःचे सिम फोनमध्ये असल्याशिवाय मिळत नाहीत. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. सिमचे कुलूप (फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचे सिम चालू न देणारे बंधन) काढणे आणि सॉफ्टवेअर बदलणे ही दोन वेगळी कामे आहेत. हप्ते फिटल्यावर फोन कोणत्याही सिमसाठी खुला करून घेता येतो. आतले सॉफ्टवेअर मात्र जुन्या कंपनीचेच राहते. काही फोनमध्ये याच कारणाने जिओचे इंटरनेट चालते पण फोन लागत नाही, कारण जिओकडे २जी किंवा ३जी नाही, कॉल व्होल्टीवरून, म्हणजे ४जीच्या इंटरनेट जाळ्यावरून, जातात आणि अमेरिकी सॉफ्टवेअरला त्या जाळ्यावरील व्होल्टीची माहितीच नसते.

आपला फोन कोणत्या प्रकारचा आहे हे घरबसल्या कळते. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२३ चे उदाहरण घेऊ. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या फोनचा मॉडेल क्रमांक एसएम-एस९११बी असा आहे, अमेरिकेत सिमकंपनीमार्फत विकलेल्याचा एसएम-एस९११यू आणि तेथेच खुल्या विकलेल्याचा एसएम-एस९११यू१. तिन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले तरी सहज ओळखू येत नाहीत. फरक त्या शेवटच्या अक्षरात आहे. ‘अबाउट फोन’मधील ‘सॉफ्टवेअर इन्फर्मेशन’ उघडून ‘सर्व्हिस प्रोव्हायडर सॉफ्टवेअर व्हर्जन’ या लांबलचक ओळीत पाहिले, तर तीन अक्षरी संकेत सापडतो : भारतातील फोनवर आयएनएस, एटी अँड टीच्या फोनवर एटीटी. शेजाऱ्यांचा फोन ‘तसाच’ आहे की नाही, हे या दोन गोष्टींवरून ठरते.

आता ज्या चुकीमुळे आपला आणि आमचा सर्वाधिक वेळ जातो, तिच्याविषयी. अपडेट येत नाही म्हणून एखादा व्हिडिओ पाहून पॉवर आणि व्हॉल्यूमची बटणे एकदम दाबून फोन फॅक्टरी रीसेट केला जातो. रीसेटने फोनमधील आपले फोटो, संदेश आणि ॲप पुसली जातात. सॉफ्टवेअर कोणत्या कंपनीचे आहे आणि ते कोठून अपडेट मागते, यात तसूभरही फरक पडत नाही. म्हणजे ज्या कामासाठी रीसेट केला ते होतच नाही. उलट फोन पुन्हा सुरू होताना पूर्वीचे गूगल खाते किंवा जुना पॅटर्न विचारतो. चोरीचा फोन कोणालाही वापरता येऊ नये म्हणून ही व्यवस्था अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, आहे आणि ती योग्यच आहे. परंतु आपल्या बाबतीत ते खाते बहुधा मुलाने तिकडेच, स्वतःच्या नावाने उघडलेले असते, पासवर्ड कोणाला आठवत नाही आणि ओटीपी जातो मुलाच्या अमेरिकी नंबरवर. आपल्याकडे सकाळचे अकरा वाजलेले असताना न्यू जर्सीत मध्यरात्र उलटून गेलेली असते. ग्राहक आमच्या बाकावर बसून राहतात, आमचा माणूस अडकतो आणि फोन दिवसभर त्याच एका पानावर थांबलेला असतो.

नुकसान एवढ्यावरच थांबत नाही. व्हॉट्सॲपचा बॅकअप त्याच गूगल खात्यात असतो, त्यामुळे खाते उघडेपर्यंत जुन्या गप्पा, नातवंडांचे व्हिडिओ, डॉक्टरांनी पाठवलेले कागद परत येत नाहीत. बॅकअप चालूच नसेल तर ते कायमचे जातात. यूपीआय आणि बँकेची ॲप नव्याने नोंदवावी लागतात. आमची कळकळीची विनंती आहे, की अपडेटसाठी फोन कधीही रीसेट करू नये. अन्य कारणाने करायचाच असेल, तर आधी खात्याचा पासवर्ड चालतो का हे पाहावे, बॅकअप घ्यावा आणि मगच सेटिंग्जमधून रीसेट करावा.

दुसरी चूक तुलनेने कमी जण करतात : इंटरनेटवरून भारतीय फोनची फाइल उतरवून ती संगणकाच्या साहाय्याने अमेरिकी फोनवर चढवू पाहणे. वर सांगितलेल्या ‘यू’ मॉडेलवर ‘बी’ मॉडेलची फाइल चढत नाही आणि या खटपटीत फोन अर्ध्यावर अडकून बसतो. काही मॉडेलांवर अमेरिकेतील खुल्या फोनचे सॉफ्टवेअर घालता येते. ते काम आम्ही करतो, परंतु आधी बॅकअप घेऊन आणि ग्राहकाची लेखी संमती घेऊनच, कारण त्यात फोन पुसला जाऊ शकतो आणि बरेचदा जुन्या आवृत्तीवर परतताही येत नाही.

आमचे तपासणी शुल्क काही ग्राहकांना खटकते, हे आम्हाला ठाऊक आहे. मॉडेल, सिमचे कुलूप, व्होल्टी आणि पॅचची तारीख पाहून ‘या फोनला येथे अपडेट येणार नाही’ असे खात्रीने सांगणे हेही कामच आहे. पुढचे काम आमच्याकडे दिल्यास ते शुल्क बिलातून वजा होते. खरेदीची पावती किंवा मूळ मालकाशी बोलणे झाल्याशिवाय आम्ही खात्याचे कुलूप काढण्याच्या कामाला हात लावत नाही. बाजारात ते करून देणारे आहेत. तरीही आपला फोन हरवला तर तो अशा दुकानात उघडला जाऊ नये, असे आपल्यालाही वाटेल.

फोन अजून अमेरिकेतच असेल, तर काम फार सोपे आहे. मॉडेल क्रमांकाच्या पानाचा फोटो आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवावा. तो येथे कितपत चालेल हे आम्ही विनामूल्य कळवतो. सिमकंपनीकडून कुलूप काढून घेण्याचे काम मूळ खातेदाराने तेथे असतानाच उरकावे. आयफोनला आयओएसची अपडेट ॲपलकडूनच येतात, त्यामुळे तेथे ही अडचण नाही. मात्र ‘कॅरियर लॉक’समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असे लिहिलेले आहे ना, ते पाहून घ्यावे. तसेच अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ आणि त्यापुढील फोनमध्ये सिमचा कप्पाच नसतो, त्यामुळे येथे ई-सिम, म्हणजे कार्डाविना फोनमध्येच भरले जाणारे सिम, घ्यावे लागते. ज्यांना या कशातच पडायचे नाही, त्यांच्यासाठी भारतीय मॉडेल आमच्याकडे आहेत. गॅलेक्सी एस२४ पासूनच्या एस मालिकेला सॅमसंगने सात वर्षांच्या अपडेटची हमी दिली आहे, आणि जुन्या फोनमधील सर्व माहिती नव्यात भरून देण्याचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही.

दुकानात येताना फोन आहे त्या स्थितीत, चार्ज करून आणावा आणि गूगल खात्याचा पत्ता कागदावर लिहून आणावा. पासवर्ड आम्हाला सांगू नये, तो आपणच टाइप करावा. अमेरिकेतील मुलांकडून ओटीपी लागणार असेल तर सायंकाळी सातनंतर यावे, कारण तेव्हा त्यांच्याकडे सकाळ झालेली असते.