राणी ‘डाइड’, राजा ‘पास्ड अवे’ : मरणाच्या इंग्रजी शब्दांमागचा इतिहास

८ सप्टेंबर २०२२ रोजी बकिंगहॅम राजवाड्याने राणी एलिझाबेथ दुसरी यांच्या मृत्यूची बातमी जगाला दिली. निवेदन दोनच वाक्यांचं. त्यात शब्द होता ‘डाइड’. मराठीत ही बातमी सांगताना आपण आपसूक ‘निधन’ म्हणतो, पण मूळ शब्द त्याहून कितीतरी उघडा आहे, मुंगीपासून सम्राटापर्यंत कुणालाही लागू होणारा. त्याआधी ६ फेब्रुवारी १९५२ला राणीचे वडील, सहावे जॉर्ज, गेले तेव्हाचे शब्द होते ‘पास्ड पीसफुली अवे’: झोपेतच शांतपणे निघून गेले. सत्तर वर्षांत राजघराण्याने मऊ शब्द सोडून सरळ शब्द धरला. सामान्य इंग्रजी बोलणारा, विशेषतः अमेरिकेतला, मात्र उलट दिशेने गेला. त्याला ‘डाइड’ जड वाटतो आणि ‘पास्ड अवे’ही लांब, तो नुसतं ‘पास्ड’ म्हणतो.

हे दोन प्रवाह समजून घ्यायचे तर बरंच मागे जावं लागतं, कारण ज्या ‘डाय’ला आज आपण इंग्रजीतला सर्वांत साधा, सर्वांत मुळातला शब्द समजतो तो मुळात बाहेरून आलेला आहे. १०६६च्या नॉर्मन स्वारीआधीच्या जुन्या इंग्रजी लिखाणात तो सापडत नाही. ‘डेड’ आणि ‘डेथ’ होते, पण क्रियापद वेगळं होतं. माणूस मरे तेव्हा ‘स्टेओर्फान’ किंवा ‘स्वेल्टान’ म्हणत. ‘डाय’ बहुधा व्हायकिंग लोकांच्या ‘डेय्या’ या शब्दावरून आला. उत्तर आणि पूर्व इंग्लंडात ते स्थायिक झाले, तिथून शब्द पसरला आणि बाराव्या शतकापासून लिखाणात दिसू लागला. जुन्या शब्दांना मग दुसरं काम शोधावं लागलं. ‘स्टेओर्फान’चा झाला ‘स्टार्व्ह’: आधी कसंही मरणं, नंतर फक्त भुकेने मरणं आणि आता तर नुसतंच उपाशी असणं. जर्मनमधला त्याचा भाऊ ‘श्टेर्बन’ अजूनही सरळ ‘मरणे’ या अर्थाने जगतो आहे. ‘स्वेल्टान’मधून ‘स्वेल्टर’ आला, म्हणजे उकाड्याने जीव कासावीस होणं. मरणाचा शब्द घामापुरता उरला.

आणि आपल्या ‘मरणा’चं काय? संस्कृतातला ‘मृ’ धातू, लॅटिनमधला ‘मॉर्स’ आणि इंग्रजीतला ‘मर्डर’ हे एकाच मुळाचे आहेत. मरण्याचं क्रियापद म्हणून ते मूळ इंग्रजीत टिकलं नाही, पण खुनाच्या शब्दात शाबूत राहिलं.

नॉर्मन लोकांबरोबर फ्रेंच आली, चर्च आणि न्यायालयाबरोबर लॅटिन. तिथून आलेले शब्द आज कोरडे, सरकारी वाटतात. पण ते जन्मले तेव्हा मायेने पांघरलेले होते. मृत्यूच्या कागदपत्रांवरचा ‘डिसीज्ड’ घ्या. लॅटिन ‘डेसेसुस’चा अर्थ निघून जाणं. म्हणजे रोमन माणूसही मृत्यूचं नाव टाळून ‘गेला’ असंच म्हणत होता, जसं आपण म्हणतो. ‘पेरिश’च्या मुळाशीही जाणंच आहे. वर्तमानपत्रातल्या ‘ऑबिच्युअरी’च्या, म्हणजे मृत्युलेखाच्या, मुळाशी ‘ओबिरे’ आहे, सामोरं जाणं. ‘सेमेटरी’ म्हणजे ग्रीकमध्ये निजायची जागा. पुन्हा उठवले जाण्यावर श्रद्धा असलेल्या आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी दफनभूमीला हे नाव दिलं. ‘एक्स्पायर’ म्हणजे श्वास बाहेर सोडणं, शेवटचा. भारतीय इंग्रजीत माणसासाठी तो सर्रास वापरतात, इतरत्र मात्र तो परवान्यांच्या, औषधांच्या मुदतीलाच जास्त चिकटला आहे. मऊ शब्द वापरून वापरून कडक होतो, मग त्याच्यावर नवा मऊ शब्द पांघरावा लागतो. इंग्रजीतल्या मृत्यूच्या शब्दसंग्रहात असे थरावर थर आहेत.

या थरांतला मला सर्वांत विलक्षण वाटणारा शब्द ‘डिमाइझ’. त्याचा मृत्यूशी मुळात काहीच संबंध नव्हता. तो जमिनीच्या कायद्यातला शब्द: मालमत्तेचा हक्क दुसऱ्याकडे सोपवणं, भाडेपट्ट्याने देणं. राजा मेला की राजपद क्षणभरही रिकामं राहत नाही, ते वारसाकडे जातं. या हस्तांतरणाला कायद्यात ‘डिमाइझ ऑफ द क्राउन’ म्हणतात, आणि याच नावाचा एक कायदा १९०१ साली ब्रिटिश संसदेने केला. हक्क सुटतो तो मरणाने, म्हणून हळूहळू लोक मरणालाच ‘डिमाइझ’ म्हणू लागले. कायद्याच्या नजरेने पाहिलं तर २०२२मध्ये राणी ‘डाइड’ आणि राजमुकुटाचं ‘डिमाइझ’ झालं. दोन वेगळ्या घटना, एकाच क्षणी. उलटा प्रवास ‘मॉर्गेज’चा. हा जुन्या फ्रेंचमधला ‘मेलेला तारण’. सतराव्या शतकातले इंग्रज कायदेपंडित एडवर्ड कोक यांनी त्याची फोड अशी केली: कर्ज फेडलं नाही तर जमीन ऋणकोपुरती मेली, फेडलं तर तारण धनकोपुरतं मेलं. घरासाठी कर्ज काढणाऱ्या किती जणांना माहीत असतं की कागदावर मृत्यू लिहिलेला आहे?

धर्माची भाषा वेगळी. १६११च्या अधिकृत इंग्रजी बायबलमध्ये क्रुसावरचा येशू ‘गेव्ह अप द घोस्ट’. इथला ‘घोस्ट’ भूत नव्हे, आत्मा, प्राण. जर्मन ‘गाइस्ट’चा तो सख्खा नातलग. प्राण सोडला, इतकाच अर्थ. आज हाच वाक्प्रचार बंद पडलेल्या गाडीबद्दल वापरतात. याच सुमारास शेक्सपिअरच्या हॅम्लेटने मरणाला ‘मॉर्टल कॉइल’ झटकून टाकणं म्हटलं. तिथलं ‘कॉइल’ म्हणजे वेटोळं नाही, त्या काळच्या इंग्रजीत गडबड, कोलाहल. जगण्याचा गोंगाट मागे टाकणं, किती समजूतदार कल्पना आहे ही! त्या काळातले कवी ‘डाय’ या साध्या शब्दाशीही खेळत. प्रणयाच्या परमोच्च क्षणालाही तो शब्द होता, त्यामुळे प्रियकर प्रेयसीला ‘तुझ्या मिठीत मरेन’ म्हणाला की प्रेक्षकांना दोन्ही अर्थ ऐकू येत.

रस्त्यावरच्या माणसाची नोंद उशिरा झाली. १७८५ साली फ्रान्सिस ग्रोस यांनी लंडनच्या गल्लीबोळांतल्या बोलीचा कोश छापला, त्यात ‘किक द बकेट’ आहे: बादलीला लाथ मारणं, म्हणजे मरणं. बादलीवर उभं राहून गळफास घेण्याची गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते, पण अभ्यासकांचा कल दुसरीकडे आहे. काही बोलींमध्ये ‘बकेट’ म्हणजे ज्या तुळईला कापलेलं डुक्कर उलटं टांगत ती तुळई. शेवटच्या आचक्यांत त्याचे पाय तुळईवर आपटत. ‘मरण्याआधी करायच्या गोष्टींची यादी’ या अर्थाचा आनंदी ‘बकेट लिस्ट’ तिथूनच निघाला. २००७च्या त्याच नावाच्या हॉलिवूडपटाने तो घरोघरी नेला.

सैनिकांनी या भाषेत जितकी भर घातली तितकी फार थोड्यांनी घातली असेल. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिक मेलेल्या सोबत्याबद्दल ‘वेन्ट वेस्ट’ म्हणत, मावळतीकडे गेला. ‘पुशिंग अप डेझीज’ म्हणजे मातीखालून फुलं वर ढकलतोय, हेही खंदकांत रूढ होतं. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात विमान परत आलं नाही की वैमानिक ‘गॉन फॉर अ बर्टन’ असे, बर्टनसाठी, म्हणजे बहुधा बिअर प्यायला, गेलेला. आज हे शब्द थट्टेचे वाटतात. पण दुसऱ्या दिवशी त्याच विमानात स्वतःला बसायचं असताना मित्राचं नाव घेऊन ‘मेला’ म्हणणं कसं जमावं? स्मारकांवर मात्र त्याच मुलांसाठी ‘द फॉलन’ कोरलं गेलं, पडलेले.

अमेरिकेत शब्द बदलले ते व्यवसायाने. ‘कास्केट’ म्हणजे मुळात दागिन्यांची पेटी. एकोणिसाव्या शतकात ती ‘कॉफिन’च्या, म्हणजे शवपेटीच्या, जागी आली. अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहणारा ‘अंडरटेकर’ म्हणजे मुळात कुठलंही काम अंगावर घेणारा. हाही एके काळचा आडपडदाच, पण तो इतका मृत्यूला चिकटला की दुसऱ्या कामांसाठी उरलाच नाही. मग १८९५ साली ‘फिजिशियन’च्या चालीवर ‘मॉर्टिशियन’ घडवला गेला. मृताची सेवा करणाऱ्याला प्रतिष्ठा हवी होती, आणि ती मागण्यात काही गैर नव्हतं.

नकळत पसरलेले अर्थही आहेत. आपण रोज म्हणतो ती ‘डेडलाइन’ अमेरिकन यादवी युद्धातली. १८६४मध्ये जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या तळावर आतल्या बाजूला एक रेघ होती. ती ओलांडणाऱ्या कैद्यावर पहारेकरी गोळी झाडत. तिथे हजारो कैदी मेले, बहुतेक उपासमारीने आणि रोगाने.

रुग्णालयांनी अलीकडे उघड शब्दाची बाजू घेतली आहे. वाईट बातमी कशी सांगावी याच्या प्रशिक्षणात इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टरांना आता सांगितलं जातं की ‘पास्ड’, ‘लॉस्ट’, ‘गॉन’ टाळा, ‘डाइड’ म्हणा. ‘वुई लॉस्ट हिम’ ऐकून हादरलेला नातेवाईक विचारू शकतो, कुठे हरवले? मुलांबाबत तर हे फारच जपावं लागतं. आजोबा ‘झोपले’ असं सांगितलेलं लहान मूल रात्री स्वतः झोपायला घाबरू शकतं. सौम्य शब्द दुःखाच्या पोटीच येतो हे खरं, म्हणून त्याला खोटा म्हणवत नाही. पण ऐकणाऱ्याला काय झालं तेच कळलं नाही, तर तो शब्द सांगणाऱ्याचीच सोय पाहतो.

राजवाड्याच्या निवेदनांत आणखी एक आहे, १९३६चं. २० जानेवारीच्या रात्री राणीचे आजोबा, पाचवे जॉर्ज, अंथरुणाला खिळले होते. त्यांचे डॉक्टर लॉर्ड डॉसन यांनी लिहिलेलं वाक्य रेडिओवर वाचलं गेलं: राजाचं आयुष्य शांतपणे शेवटाकडे सरकत आहे. इंग्रजीत इतकं तलम वाक्य क्वचित लिहिलं गेलं असेल. त्यानंतर काही वेळाने डॉसन यांनी राजाला मॉर्फिन आणि कोकेनची इंजेक्शनं दिली, मृत्यू लवकर यावा म्हणून. संध्याकाळच्या कमी प्रतिष्ठेच्या वर्तमानपत्रांऐवजी सकाळच्या ‘टाइम्स’मध्ये बातमी आधी यावी, हेही एक कारण त्यांनी स्वतःच्या टिपणात नोंदवलं. रात्री ११ वाजून ५५ मिनिटांनी राजा गेला. त्याच वर्षी डिसेंबरात इच्छामरणाचं विधेयक लॉर्ड्स सभागृहात आलं तेव्हा डॉसन त्याच्या विरोधात बोलले. त्या विधेयकाच्या केंद्रस्थानी असलेला ‘युथनेशिया’ हा शब्द ग्रीक आहे, त्याचा अर्थ चांगलं मरण. डॉसन यांची टिपणं प्रसिद्ध झाली ती १९८६मध्ये. पन्नास वर्षं लोकांकडे फक्त ते वाक्य होतं.