तळहातावरचे मिडी यंत्र आणि १९८३ चे निर्णय

आठ-दहा बटणे, एक-दोन नॉब आणि आत एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकाच चिपवरचा छोटा संगणक, असलेले घरी जुळवलेले छोटे मिडी यंत्र स्वतः कसलाही आवाज काढत नाही. मिडी ही इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी एकमेकांना संदेश पाठवण्याची ठरलेली रीत आहे. कोणते बटण दाबले, किती जोराने दाबले, नॉब कुठवर फिरला, एवढेच ते पलीकडच्या वाद्याला किंवा संगणकाला कळवते आणि स्वर तिकडे उमटतो. अशा यंत्रात सुधारणा करायला बसणाऱ्याला ज्या अडचणी येतात, त्यांतल्या अनेक त्याच्या हातच्या चुका नसतात. १९८१ ते १९८३ या काळात घेतलेल्या काही निर्णयांमधून त्या आलेल्या असतात, आणि ते निर्णय का घेतले गेले हे माहीत असले की कुठे हात घालावा आणि कुठे घालू नये हे ठरवणे सोपे जाते.

त्याआधी सिंथेसायझर बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीची जोडणीची पद्धत निराळी असे. काही वाद्यांत एका सप्तकासाठी एक व्होल्ट असा हिशेब होता, तर काहींमध्ये व्होल्टेज थेट कंपनसंख्येच्या प्रमाणात वाढे; त्यामुळे एका कंपनीच्या वाद्यावरून दुसऱ्या कंपनीचे वाद्य सुरात वाजवणे जिकिरीचे होते. सीक्वेन्शिअल सर्किट्स या सिंथेसायझर कंपनीचे डेव्ह स्मिथ यांनी १९८१ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे सामाईक जोडणीचा प्रस्ताव मांडला. रोलंड या जपानी वाद्यकंपनीचे इकुतारो काकेहाशी यांनी हा विषय जपानी कंपन्यांमध्ये लावून धरला. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सीक्वेन्शिअलचे प्रॉफेट-६०० आणि रोलंडचे ज्युपिटर-६ ही दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी जोडून दाखवण्यात आली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिडी १.० चे मानक प्रसिद्ध झाले.

या मानकातली प्रत्येक गोष्ट स्वस्तात जमावी अशा बेताने ठरली होती. वेग सेकंदाला ३१,२५० बिट एवढा ठेवला, कारण १ मेगाहर्ट्झच्या घड्याळाला ३२ ने भागले की तो आयता मिळतो. प्लग घेतला तो घरगुती ध्वनियंत्रांत आधीपासून रुळलेला पाच पिनांचा डिन प्लग, आणि त्याच्या पाचांपैकी तीनच पिना कामाला लावल्या. संदेश घेणाऱ्या बाजूला ऑप्टोकपलर, म्हणजे संदेश प्रकाशाच्या रूपात पुढे देणारा भाग, सक्तीचा केला, म्हणजे दोन यंत्रांमध्ये विजेचा थेट संबंध राहत नाही आणि अर्थिंगमधून येणारी घरघर आवाजात मिसळत नाही. मला हा निर्णय त्या मानकातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. जागा वाचवण्यासाठी ऑप्टोकपलर गाळणाऱ्याला त्याची किंमत मंचावर मोजावी लागते. वेगाची मर्यादा मात्र आजही जाणवते. एका बाइटला सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून १० बिट लागतात, म्हणजे ३२० मायक्रोसेकंद. तीन बाइटांचा एक स्वरसंदेश जवळजवळ १ मिलिसेकंद घेतो.

हातात धरून वाजवायच्या मिडी यंत्राची कल्पना मानकाच्या पाठोपाठच आली. ॲमस्टरडॅममधील स्टाइम या संस्थेत मिखेल वाइसविस यांनी १९८४ मध्ये 'द हँड्स' हे वाद्य सादर केले. दोन्ही हातांवर बसवलेल्या सांगाड्यांवर कळा होत्या, हात कलल्याचे पाऱ्याचे स्विच ओळखत, आणि दोन हातांमधले अंतर अल्ट्रासाउंडने मोजले जाई. त्यांनी हे वाद्य अनेक वर्षे सुधारत नेले. पण सुधारणा थांबवून जे हातात आहे ते वाजवायला शिकण्याचा काळही त्यांनी जाणीवपूर्वक राखून ठेवला.

पुढची उडी दोन टप्प्यांत झाली. १९९९ मध्ये यूएसबीवरून मिडी पाठवण्याची रीत प्रमाणित झाली आणि २००५ मध्ये इटलीतील इव्रेआ येथे आर्डुइनो, म्हणजे हौशी लोकांना सहज वापरता येणारा मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड, जन्माला आला. तरीही त्याच्या लोकप्रिय ठरलेल्या ऊनो बोर्डवर यूएसबीचे काम वेगळी चिप पाहत असल्यामुळे संगणकाला तो मिडी वाद्य म्हणून दिसत नसे. कुणी त्या चिपमधला प्रोग्रॅमच बदलत, तर कुणी संगणकावर मध्यस्थ प्रोग्रॅम चालवत. टीन्सी आणि २०१२ मधला लिओनार्डो या बोर्डांनी ही अडचण संपवली, कारण त्यांच्या मुख्य चिपमध्येच यूएसबी आहे.

सुधारणांमध्ये सर्वाधिक वेळ खातो तो नॉब. ऊनो किंवा लिओनार्डोसारख्या बोर्डांवर व्होल्टेज ० ते १०२३ अशा अंकांत मोजले जाते, तर मिडीला ० ते १२७ हवे असते, म्हणून मोजलेला अंक ८ ने भागतात. नॉब नेमका मध्यावर सोडला की मोजणी ५११ आणि ५१२ यांच्यात हेलकावते. ५११ चा ६३ होतो, ५१२ चा ६४ होतो, आणि कुणी हातही लावलेला नसताना संदेशांची रांग लागते. डिन केबलवर प्रत्येक संदेश मिलिसेकंदभर वाट अडवतो, त्यामुळे खरा स्वर मागे राहतो. यावर उपाय म्हणून आधीच्या अंकापासून मोजणी काही घरे सरकल्याशिवाय नवा संदेश पाठवायचा नाही आणि नॉबच्या मधल्या पिनेवरून ग्राउंडला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर झाळायचा. अधिक बारीक पायऱ्यांसाठी दोन संदेश जोडून १६,३८४ पायऱ्या देण्याची सोय मूळ मानकातच आहे, परंतु मोजणीच १,०२४ घरांची असेल तर तिचा फारसा लाभ होत नाही.

बटणांचेही तसेच आहे. धातूचे संपर्क दाबल्यावर काही मिलिसेकंद उसळत राहतात आणि एका दाबाचे चार स्वर होतात. संपर्क स्थिरावण्याची वाट पाहून मग संदेश पाठवण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. संगीतासाठी मला तो चुकीचा वाटतो. पहिल्या स्पर्शालाच स्वर पाठवावा आणि नंतरचे ५ मिलिसेकंद त्या बटणाकडे दुर्लक्ष करावे, म्हणजे ताल मागे पडत नाही.

जुने यंत्र नव्या बोर्डवर नेताना एक बदल हमखास विसरला जातो. ५ व्होल्टच्या सर्किटमध्ये मिडी आउटला, म्हणजे संदेश बाहेर पाठवणाऱ्या जोडणीला, २२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात, ३.३ व्होल्टच्या बोर्डवर तेच ठेवले तर ऑप्टोकपलरला पुरेसा प्रवाह मिळत नाही आणि स्वर अधूनमधून गळतात. तिथे ३३ आणि १० ओहम लागतात. डिन सॉकेटच्या जागी हेडफोनसारखा छोटा जॅक बसवतानाही तारा कशाही जोडून चालत नाही. कंपन्यांनी दोन उलट रीती वापरल्या होत्या, आणि २०१८ मध्ये त्यांतली 'टाइप ए' प्रमाण ठरली.

जानेवारी २०२० मध्ये मिडी २.० आले. त्यात स्वराचा जोर १६ बिटांत आणि नॉबची स्थिती ३२ बिटांत सांगता येते, आणि दोन यंत्रे आधी एकमेकांची चौकशी करतात. घरच्या छोट्या यंत्राला ती चौकशी कळत नाही, म्हणून ते उत्तर देत नाही. आणि उत्तर आले नाही की नवे वाद्य त्याच्याशी १९८३ च्याच भाषेत बोलते.