क्लेश आणि आशा (ख्रिस्ती विचार)

आजार, मृत्यू, छळ, तुरुंगवास, दारिद्र्य अशा अनुभवांतून माणसाचा विश्वास कसा टिकतो आणि कधी कधी कसा वाढतो, याविषयीची ख्रिस्ती धर्मातील शिकवण. दुःख हे मुळात चांगले असते, असे ती म्हणत नाही. येशूचा वधस्तंभावरील मृत्यू आणि त्याचे पुनरुत्थान हा तिचा आधार आहे. देव स्वतः दुःखात उतरला आणि तरीही मरण अखेरचे ठरले नाही, या श्रद्धेतून ख्रिस्ती माणसाची आशा निघते. परिस्थिती लवकरच सुधारेल हा आशावाद वेगळा. ती सुधारली नाही तरी ही आशा उरते, असे मानले जाते.

या विषयातले शब्दच बरेच काही सांगून जातात. बायबलच्या नव्या करारात संकटासाठी येणाऱ्या ‘थ्लिप्सिस’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ दाब, चेपणे. लॅटिनमधील ‘त्रिबुलात्सिओ’चे नाते ‘त्रिबुलुम’शी, म्हणजे खळ्यावर धान्य मळायच्या दातेरी फळीशी आहे. इ.स. 410 मध्ये रोम लुटले गेले, तेव्हा भले आणि बुरे दोघेही सारखेच भरडले गेले. त्यावर लिहिताना ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीनने हीच फळी दृष्टान्ताला घेतली : एकाच मळणीत काडाचा चुरा होतो आणि दाणा स्वच्छ निघतो. फरक संकटात नसून ते सोसणाऱ्यात आहे, असे त्याचे म्हणणे. हिब्रूतील आशावाचक ‘तिक्वा’ या शब्दाचा दुसरा अर्थ दोरी. यहोशवाच्या पुस्तकात इस्राएली हेरांना लपवणारी राहाब शहर पडताना आपले घर वाचावे म्हणून, ठरल्या खुणेप्रमाणे, आपल्या खिडकीला किरमिजी दोरी बांधते, तिथे हाच शब्द आहे. जीव वाचण्याची तिची सगळी आशा त्या दोरीवरच होती.

सर्वाधिक उद्धृत होणारे वचन प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्रातील पाचव्या अध्यायाचे. संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा अशी साखळी तो मांडतो. यातला धीर, ‘हुपोमोने’, म्हणजे ओझ्याखाली टिकून राहणे. मराठी बायबलमध्ये ‘शील’ असे भाषांतर झालेला शब्द ‘दोकिमे’. तो पारखून खऱ्या ठरलेल्या वस्तूविषयी वापरत. ‘कसाला उतरलेले’ म्हटले की मराठीत तो नेमका पोचतो. सोने कसोटीवर घासल्याने सोने होत नाही. ते सोने आहे एवढे कळते. ही साखळी यंत्रासारखी चालते असा समज मात्र चुकीचा आहे. पौल लगेच पुढे म्हणतो की, ही आशा लाजवत नाही, कारण पवित्र आत्म्याच्या द्वारे देवाची प्रीती आपल्या अंतःकरणात ओतली गेली आहे. वाढीचे श्रेय तो दुःखाला देत नाही, कृपेला देतो. हे तो ऐकीव सांगत नव्हता. एकोणचाळीस फटक्यांची शिक्षा पाच वेळा, छड्यांचा मार तीन वेळा, जहाज फुटण्याचा प्रसंग तीन वेळा, असा हिशेब त्याने करिंथकरांस दुसऱ्या पत्रात दिला आहे. त्याच पत्रात ‘शरीरातील काटा’ येतो. तो निघावा म्हणून पौलाने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरेशी आहे, एवढे उत्तर मिळाले.

जुन्या करारातील ईयोबाची गोष्ट या शिकवणीला सतत जमिनीवर आणते. मुले गेली, गुरेढोरे गेली, अंगभर फोड आले. ईयोब राखेत बसून खापराच्या तुकड्याने अंग खाजवतो आहे. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री न बोलता त्याच्याशेजारी जमिनीवर बसतात. त्यांनी केलेले शहाणपणाचे काम तेवढेच. तोंड उघडल्यावर ते दुःखाचे कारण समजावू लागतात : तुझे काहीतरी पाप असणार. शेवटी देव रागावतो तो या समजावणाऱ्यांवर, भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे. ईयोबाच्या ‘का’ला उत्तर असे मिळतच नाही. पुढे मेंढरे सात हजारांची चौदा हजार होतात, मुले मात्र पूर्वीइतकीच, सात मुलगे व तीन मुली. मेलेल्यांची भरपाई होत नाही हे त्या लेखकालाही ठाऊक असावे.

तक्रार हा श्रद्धेचाच भाग आहे, ही बाजू लोकप्रिय प्रवचनांतून बहुधा गळते, आणि ते या शिकवणीचे मोठे नुकसान आहे. बायबलमधील दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे तृतीयांश विलापाची आहेत. वधस्तंभावर येशूच्या तोंडी येणारा ‘एलोई, एलोई, लमा सबखथनी’, म्हणजे माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, हा टाहो 22 व्या स्तोत्राची पहिलीच ओळ आहे. पुनरुत्थानाने ही वेदना पुसून टाकली असेही शुभवर्तमान सांगत नाही. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच असतात आणि थोमा या शंकेखोर शिष्याला तो ओळखू येतो ते त्या व्रणांवरून.

‘आत्म्याची काळोखी रात्र’ हा शब्दप्रयोग आज कोणत्याही वाईट दिवसांसाठी सर्रास वापरला जातो. तो ज्याच्यामुळे रूढ झाला त्या क्रूसाच्या योहानाचा, कार्मेलाइट या संन्यासी संघातल्या स्पॅनिश बंधूचा, (1542–1591) अर्थ वेगळा होता : प्रार्थनेतली गोडी आटते, देव दूर गेल्यासारखा वाटतो आणि याच कोरडेपणात माणूस देवाच्या देणग्यांऐवजी देवालाच धरायला शिकतो. बाहेरच्या अंधाराचीही त्याला ओळख होती. संघात सुधारणा घडवण्याच्या वादात 1577 च्या डिसेंबरात त्याच्याच संघातल्या बंधूंनी त्याला तोलेदोत कोंडले. जेमतेम शरीर मावेल अशा त्या कोठडीत त्याने कविता रचल्या आणि 1578 च्या ऑगस्टमध्ये तो तिथून निसटला.

विसाव्या शतकात जर्मन धर्मचिंतक युर्गन मोल्टमान (1926–2024) यांनी आशेला ख्रिस्ती विचाराच्या मध्यभागी आणले. 1943 मध्ये हॅम्बुर्गवरील बाँबवर्षावात त्यांच्या शेजारी उभा असलेला मित्र मारला गेला, ते वाचले. युद्धकैदी असताना हाती आलेल्या पवित्र शास्त्रात 39 वे स्तोत्र आणि मार्काच्या शुभवर्तमानातला येशूचा टाहो त्यांनी वाचला आणि आपल्याला समजणारा कोणीतरी भेटल्यासारखे त्यांना वाटले. त्यांचे आशेवरचे पुस्तक 1964 मध्ये आले, वधस्तंभावरचे 1972 मध्ये. देव दुःख भोगू शकत नाही, या जुन्या मताला त्यांनी तिथे उघड आव्हान दिले.

या शिकवणीचा दुरुपयोगही झाला आहे. गुलामांना मालकाचा जाच आणि स्त्रियांना नवऱ्याची मारहाण ‘तुझा वधस्तंभ’ म्हणून सोसायला सांगितली गेली. टाळता येणारा अन्याय सोसणे म्हणजे वधस्तंभ वाहणे नव्हे, हा आक्षेप मुक्तिवादी व स्त्रीवादी धर्मचिंतकांनी जोरकसपणे मांडला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1984 मध्ये दुःखाच्या अर्थावर काढलेल्या पत्रातला, येशूने सांगितलेला दयाळू शोमरोनीचा दृष्टान्त म्हणूनच महत्त्वाचा ठरतो : वाटेत पडलेल्याच्या वेदनेचा अर्थ लावण्याआधी थांबून त्याच्या जखमा बांधायच्या असतात. उलट टोकाला, खरा विश्वास असेल तर आजार व गरिबी येणारच नाही असे सांगणारा समृद्धीचा उपदेश आहे. तो ईयोबाच्या मित्रांचाच युक्तिवाद नव्या कपड्यात आणतो.

उपासनेत या विचाराला ठरलेल्या जागा आहेत. उपवासकाळाचे चाळीस दिवस, शुभ शुक्रवार, वेदी उघडी ठेवलेला पवित्र शनिवार, आजाऱ्याला तेल लावून केलेली प्रार्थना. स्तोत्रांमध्ये 88 वे सर्वांत काळे. इतर विलाप शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. अंधार या शब्दावरच ते संपते. रोमन कॅथलिक नित्यप्रार्थनेत दर शुक्रवारी रात्री, झोपण्यापूर्वी, तेच म्हटले जाते.